मामांचा सोप्रानो आणि दुकानात गेलेले तीन महिने

तान्ह्या पोळ्याला दुरुस्तीला दिलेला सोप्रानो सॅक्सोफोन तुळशीचं लग्न उरकल्यावर हातात आला, आणि तरीही त्याचं वरचं सप्तक बेसूरच होतं. तो राग अजून मनातून गेलेला नाही. दुसऱ्या कुणाचा हंगाम असा वाया जाऊ नये म्हणून लिहितो आहे.

दारव्हा तालुक्यात आमचा लग्नाचा बॅन्ड आहे. मामांनी वाजवलेला अमेरिकेच्या कॉन कंपनीचा सरळ सोप्रानो त्यांच्या मागे माझ्याकडे आला. त्यावर ८ डिसेंबर १९१४ ही तारीख कोरलेली आहे, म्हणून घरात सगळे त्याला '१९१४चा बाजा' म्हणत. पण ती तारीख पेटंटची आहे. त्यानंतर कितीतरी वर्षं बनलेल्या कॉनवरही तीच कोरलेली असते. वय काढायचं ते सिरीयल नंबरावरून.

मामांच्या माउथपीसचं, म्हणजे तोंडात धरून फुंकायच्या भागाचं, टोक तुटलं होतं, म्हणून मी बाजारातून नवा आणून लावला. तेव्हापासून खालचे सूर पेटीशी जुळवले की वरचे सुटायचे, वरचे जुळवले की खालचे. मला वाटलं, पॅड, म्हणजे चाव्यांखालच्या भोकं बंद करणाऱ्या गाद्या, गेले. काही गेलेही होते. अंधाऱ्या खोलीत नळीत छोटा दिवा सोडला तर तीन-चार पॅडांच्या कडेनं उजेड दिसत होता. ही तपासणी कुणालाही घरी करता येते, त्यासाठी गाडीभाडं घालू नका.

शहरातल्या दुकानदारानं आठ दिवसांचा वायदा केला. आठ दिवसांनी यवतमाळला गाडी बदलून गेलो, तर "पॅड येऊन राहिले जी, पुढच्या सोमवारी या." दसऱ्याच्या आधी गेलो तर कारागीर गावाला गेलेला. तिसऱ्या खेपेला जे पाहिलं ते विसरता येत नाही. मामांचा सोप्रानो उघडा पडला होता, त्याच्या चाव्या एका ताटलीत, आणि त्याच ताटलीत कुणाच्या तरी क्लॅरिनेटच्या चाव्या आणि स्क्रू मिसळलेले. शंभरीच्या घरातल्या वाद्याचा एक लांब स्क्रू हरवला तर दुसरा कुठून आणणार? तिथेच जमिनीवर बसून मी एकेक चावी वेगळी केली आणि कागदावर नंबर टाकून पुडीत बांधली. तुम्ही वाद्य देण्याआधीच दोन्ही बाजूंनी फोटो काढा, चाव्या मोजा आणि पावतीवर लिहून घ्या. मी लिहून घेतलं नव्हतं.

इकडे कापूस वेचणीला आला, सुपाऱ्या सुरू झाल्या, आणि दुकानातून फोनही उचलेनात. चौथ्या खेपेला वाद्य मिळालं. पॅड नवे, लाख लावून नीट बसवलेले, त्यात खोट काढणार नाही. पण तिथेच फुंकून पाहिलं तर दुखणं जसंच्या तसं. दुकानदार म्हणाला, "जुना माल आहे जी, असाच वाजते. नवा घेऊन टाका." तीन महिन्यांत एकदाही कुणी विचारलं नाही की यावर माउथपीस कोणता लावता. हा एक प्रश्न पहिल्याच दिवशी विचारला असता तर हंगामाची सुरुवात हातची गेली नसती.

घरी येऊन मामांचा तुटका माउथपीस आणि माझा नवा शेजारी ठेवले. जुन्याच्या आत गोल, प्रशस्त पोकळी. नव्याची पोकळी अरुंद. सॅक्सोफोनची नळी म्हणजे शेंडा कापलेला शंकू. त्या कापलेल्या शेंड्याची जागा माउथपीसमधली हवा भरून काढते. पोकळी लहान पडली की माउथपीस बाहेर ओढावा लागतो आणि मग दोन सप्तकांचं एकमेकांशी गणित बिघडतं. मोठ्या पोकळीचा माउथपीस मागवला. पहिल्या दिवशीच वरचा सा खालच्या साला मिळाला. मामी ओसरीवर होत्या, त्या उठून आत आल्या.

मधल्या काळात एका मित्राचा नव्या बनावटीचा सोप्रानो, यामाहा वायएसएस-४७५, वाजवला, म्हणून दोन्हींबद्दल अनुभवानं सांगतो. नव्याचा सूर जागच्या जागी असतो. डाव्या करंगळीच्या चाव्या हलक्या आहेत, जुन्यावर त्याच दाबून वरातीत करंगळी भरून येते. नवा वर एफ शार्पपर्यंत जातो, माझा ई फ्लॅटलाच संपतो. पण जुन्याचा आवाज भरीव आहे, मींड ओठानं सहज निघते आणि विदाईला तो सनईच्या जवळ जातो. प्रत्येक सूर मात्र कानानं सांभाळावा लागतो. शिकणाऱ्या पोरानं नवाच घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्याचा कान तयार आहे त्यानं जुना सोडू नये.

जुना विकत घेणार असाल तर पेटी सोबत न्या. सोप्रानोवर सी वाजवला की पेटीवर काळी पाच लागली पाहिजे. पांढरी एक लागली तर तो सी सोप्रानो आहे, बॅन्डच्या बी फ्लॅट वाद्यांसाठी लिहिलेल्या नोटेशनवर चालणार नाही. आणि नंबराजवळ 'लो पिच' किंवा नुसता 'एल' आहे का पाहा. आजच्या सुराचा, म्हणजे ए हा सूर सेकंदाला ४४० कंपनांवर धरणारा, तोच. हाय पिचचे बाजे साधारण ४५७ला बांधलेले असतात. ते फुकट मिळाले तरी पेटीसोबत बसत नाहीत, माउथपीस कितीही बदला.

वैशाखाचं एक राहिलं. ऊन वाढलं की नवा असो की जुना, सूर चढतो. दुपारच्या वरातीत सावलीत सूर मिळवून उन्हात निघू नका. पाच मिनिटं उन्हात वाजवा, मग मिळवा.