कुलूपबंद घराचा आराखडा

गुरुवार, रात्री. दांडिया बाजार, बडोदे

राजापूरकडच्या घराचं ड्रॉइंग आज पुन्हा पहिल्यापासून काढायला घेतलं. रावपुऱ्यातल्या काकांना आजोळच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, सुट्टीचं घर बांधायचंय, तेही ‘ऑफ-ग्रिड’, म्हणजे बाहेरून वीजजोडणी न घेता. भेटले की पहिला प्रश्न ठरलेला, “बॅटरी किती मोठी लागेल?” खरं तर बॅटरीची चिंता मला सगळ्यात कमी. १ किलोवॉटचं पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला साधारण ४ युनिट देतं. फ्रिज, पंप, दिवे आणि कमी विजेवर चालणारे बीएलडीसी पंखे एवढ्याला ३ किलोवॉट पुरून उरतील. एसीचं नाव काढलं की मात्र सगळा हिशेब कोलमडतो. काकांनी ते दोनदा काढलं आहे.

डोकं खातोय तो प्रश्न वेगळाच. ही मंडळी दिवाळीत जाणार, मे महिन्यात जाणार, मध्ये एखादी जोडून आलेली सुट्टी. उरलेलं वर्ष घराला कुलूप, आणि त्यातला मोठा भाग म्हणजे कोकणातला पावसाळा. बडोद्यात बंद घर उघडलं की धूळ झाडली, काम संपलं. तिथे उघडलं तर गादीवर बुरशी, फुगलेली दारं, गंजून धरलेल्या कड्या. म्हणजे घर राहणाऱ्यांसाठी कमी आणि कोणी नसतानासाठी जास्त डिझाइन करायचं. हे काकांच्या गळी उतरवणं सोपं नाही; पैसे तर ते राहायसाठी देणार!

भिंती जांभ्याच्या, यावर वाद नाही. जांभ्याचा चिरा (कापलेला दगड) खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, वारा लागला की टणक होतो. छपराखाली चारी बाजूंनी जाळीचा पट्टा ठेवलाय, त्यामुळे खिडक्या बंद असल्या तरी हवा खेळती राहील. शिवाय एक छोटा एक्झॉस्ट पंखा थेट पॅनेलवर जोडायचा. ढगाळ दिवशी मंद फिरेल, पण कोणी बटण दाबायची वाट बघणार नाही. बाहेरचे स्क्रू-बिजागऱ्या ३१६ ग्रेडच्या स्टीलच्या. ३०४ स्वस्त पडतं, पण खाऱ्या वाऱ्यात त्यावर डाग धरतात.

पाण्याचं गणित मजेशीर आहे. त्या भागात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस. १२० चौरस मीटर छपरावर म्हणजे साडेतीन लाख लिटर! तरी मे महिन्यात कातळावर थेंब नाही. ४०,००० लिटरची टाकी केली तर सहा माणसांना, माणशी १०० लिटर धरून, दोन महिने पुरते. एवढं बास. पहिल्या पावसाचं घाण पाणी टाकीत जाऊ नये म्हणून बाजूला उभा पाइप. तळाला बारीक भोक, म्हणजे आपोआप रिकामा होईल. भरुचच्या जुन्या घरांत अंगणाखाली पावसाच्या पाण्याची टांकी असतात, ती काकांना दाखवून आणायला हवीत. डोळ्यांनी बघितल्याशिवाय त्यांचा विश्वास बसत नाही.

घर कड्याच्या अगदी टोकावर नेण्याचा काकांचा हट्ट सीआरझेडनेच, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामाच्या सरकारी नियमांनीच, मिटवला. विरळ वस्तीच्या गावात भरतीरेषेपासून २०० मीटरच्या आत नवं बांधकाम नाही, त्यामुळे मला वाईटपणा घ्यावा लागला नाही. पॅनेलही छपरावर न चढवता घरामागे कातळात पक्क्या रोवलेल्या बुटक्या चौकटीवर घेतली. जून २०२०च्या निसर्ग वादळात दापोली-मंडणगडकडे पत्रे कसे उडाले, ते विसरण्यासारखं नाही.

राहिली पश्चिमेची काचेची भिंत. मागे साइटवर गेलो तेव्हा वाडीतले एक आजोबा नकाशा बघून म्हणाले, “आणि जुलैत झड येते, ती खंय जातली?” उत्तर नव्हतं. आज तिथे खोल पडवी टाकली आणि आत सागवानी सरकती दारं. समुद्र दिसेल, फक्त पडवीत बसून. काकांना हे उद्या सांगायचंय. आधी काकूंना फोन करावा; पडवी त्यांना आवडेल.