दिवाळीचा किल्ला, वर्ष दुसरं: लोहगड

मागच्या वर्षी शिवनेरी केला होता. तेव्हा धाकटा तीन वर्षांचा होता आणि त्याचं काम एकच, मावळे उचलून नेणं. थोरलीने तटबंदीला हात लावला होता, पण उभारणी सगळी माझी. यंदा थोरली पहिलीत आहे, धाकटा छोट्या शिशुत, आणि दोघांनीही गणपतीतच विचारायला सुरुवात केली होती, "आई, या वर्षी कुठला?"

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे बारा किल्ले घेतले. अकरा आपल्याकडचे, एक तमिळनाडूतला जिंजी. शिवनेरी त्यात आहेच. तेव्हा घरात ठरलं की दर दिवाळीला त्यातला एक. बारावा होईल तेव्हा थोरली अकरावीत असेल आणि धाकटा नववीत. हे गणित मी रात्री जेवताना मोठ्याने केलं आणि मग थोडा वेळ गप्पच बसले.

लोहगड निवडला तो विंचूकाट्यासाठी. गडाच्या अंगातून बाहेर निघालेली ती लांब, चिंचोळी सोंड मुलांना दाखवायची होती. आणि नियम असा केला की आधी गड पायांनी बघायचा, मग हातांनी करायचा.

५ ऑक्टोबर, रविवार

सकाळच्या लोणावळा लोकलने मळवली. तिथून गाडी ठरवून लोहगडवाडी. भाजे गावावरून चालत यायचा विचार मनात होता, पण धाकट्याचे पाय पायऱ्यांसाठी राखून ठेवले. तो निर्णय बरोबर ठरला.

पहिल्या गणेश दरवाज्यापाशी त्याने माझं बोट सोडलं. मी पुढे हात केला तर म्हणाला, "मी मावळा आहे." बस. त्यानंतर नारायण, हनुमान, महादरवाजा, सगळं स्वतःच्या पायांनी. दोनदा बसला, एकदा पाणी प्यायला, एकदा ओल्या पायरीवर घसरून गुडघा लाल केला, पण कडेवर ये म्हटलं तर आला नाही. मागच्या दिवाळीत शिवनेरीच्या निम्म्या पायऱ्या तो बाबाच्या खांद्यावरून चढला होता. चार वर्षांच्या मुलाचा हा पहिला अख्खा गड. महादरवाज्यात त्याच्याकडे बघताना डोळे भरून आले, लपवत नाही.

थोरली पायऱ्या मोजत होती. तिसऱ्या दरवाज्याशी आकडा चुकला, तेव्हा तिने मोजणं सोडलं आणि वहीत वळणं काढायला लागली. तिच्या त्या चित्राचा मला पुढे नकाशापेक्षा जास्त उपयोग झाला. लोहगडाची सगळी गंमत या वळणांत आहे. खालच्या दरवाज्यातून आत शिरलं की वाट वळते आणि दुसऱ्या दरवाज्याला जाईपर्यंत डोक्यावर तट आणि बुरूज असतात. शत्रू चढत असला तर प्रत्येक वळणावर वरच्यांच्या माऱ्यात. थोरलीने वरून वाकून खालची वाट बघितली आणि म्हणाली, "इथून सगळे दिसतात की!" पुस्तक वाचून हे मी तिला दहा वेळा सांगितलं असतं तरी पोचलं नसतं.

नारायण दरवाज्याजवळचं भुयार दाखवलं, पूर्वी तिथे भात-नाचणी साठवत. वर लक्ष्मी कोठी. सुरतेहून आणलेली संपत्ती या गडावर ठेवली होती असं सांगतात, तेव्हापासून थोरलीच्या डोक्यात खजिना बसला तो बसलाच. नाना फडणवीसांनी बांधलेल्या सोळा कोनांच्या तळ्याचे कोन दोघांनी मिळून मोजले. १६६५ च्या पुरंदरच्या तहात महाराजांना हा गड द्यावा लागला, हे सांगितल्यावर धाकटा रागावला. "दिला का?" १६७० मध्ये परत घेतला, एवढं सांगितल्यावरच डबा खायला बसला.

विंचूकाट्यावर बाबाने दोघांचे हात घट्ट धरले. टोकापर्यंत गेलो नाही. मध्ये एक छोटा कातळटप्पा उतरावा लागतो, तो मुलं मोठी झाल्यावर.

९ ऑक्टोबर, गुरुवार

माती. ज्यांनी मागच्या वर्षीचे फोटो बघितले त्यांना शिवनेरीच्या बुरुजांच्या भेगा आठवत असतील. चूक माझी होती, काळी माती जास्त झाली. ती ओली असताना लोण्यासारखी लागते आणि वाळताना आकसते. यंदा तीन घमेली चाळलेली लाल माती, एक घमेलं काळी आणि नारळाचा काथ्या बोटाएवढा कापून. काथ्या पिंजायचं काम आजीने आणि धाकट्याने गॅलरीत बसून केलं. सासूबाई भोरच्या. त्या म्हणाल्या, "आम्ही भाताचा कोंडा घालायचो." पुढच्या वर्षी तेही करून बघेन.

११ आणि १२ ऑक्टोबर

सोसायटीच्या जिन्यामागची जागा, सहा फूट बाय चार फूट. खाली विटा, अर्ध्या विटा, दोन फुटक्या कुंड्या उपड्या. त्यावर गाऱ्यात बुडवलेलं गोणपाट. गोणपाट टाकताना घाई करू नका, मंडळी. आधी पाण्यात पूर्ण भिजू द्यायचं, मग गाऱ्यात, मग पिळायचं नाही, नुसतं निथळू द्यायचं. कोरडं राहिलेलं गोणपाट माती धरत नाही आणि तिसऱ्या दिवशी पोपडे सुटतात.

मापाचा प्रश्न आला. खऱ्या प्रमाणात केलं तर उंची नगण्य होते आणि मुलांना ते पटत नाही. म्हणून उंची वाढवली, पण विंचूकाट्याला तीन फूट दिले, निम्मी जागा. तो सगळा मुलांवर सोडला. मी हात मागे घेतला, आणि हे लिहायला सोपं आहे, करायला फार अवघड गेलं. धाकट्याने काटा वाकडा केला. दोनदा सरळ करायला वाकले, दोनदा मागे आले. संध्याकाळी तो कोरडा होत आला तेव्हा लांबून बघितलं, तर खरा काटाही कुठे पट्टीने आखल्यासारखा आहे? थोरलीने वहीतलं चित्र आणून शेजारी धरलं. जुळत होतं.

याच दिवशी दुपारी तिचा पहिला दात पडला. आठवडाभर हलत होता. गारा कालवता कालवता हाताच्या पाठीने तोंड पुसलं आणि दात मातीत. मग काय, सगळी सोसायटी गुडघ्यांवर. तळमजल्यावरच्या काकांनी चहाची गाळणी आणली. पाऊण तासाने सापडला, तांदळाच्या कणीएवढा. आजी म्हणाल्या तुळशीत पुरू. थोरली म्हणाली, "नाही, लक्ष्मी कोठीत." काड्यापेटीच्या खोक्याची कोठी केली होती, त्यात कापसावर दात ठेवला आणि वर माती लिंपली. खजिना म्हणजे खजिना.

१३ ऑक्टोबर, सोमवार, रात्री

दरवाजे. ज्यांना सर्पाकार वाट करायची आहे त्यांच्यासाठी थोडं सविस्तर लिहिते, कारण मला हे कुठे मिळालं नव्हतं.

ओल्या मातीत वाट कोरायला गेलं की कड ढासळते. पूर्ण वाळल्यावर कोरलं की ढेकळं निघतात. मधली वेळ पकडायची. बोट दाबलं तर खूण उठली पाहिजे, पण बोटाला माती लागता कामा नये. आमच्याकडे साधारण तीस तासांनी ती वेळ आली. आधी उतारावर सुतळी ठेवली. थोरलीने वहीत बघून ती वळवली आणि धाकट्याने एक मावळा त्या सुतळीवरून चालवत नेला. जिथे त्याची बोटं मावत नव्हती तिथे वाट रुंद केली. मग सुतळी दाबून खूण उमटवली, काढली आणि जुन्या स्टीलच्या पट्टीने पायऱ्या पाडल्या.

कमानींसाठी मागच्या वर्षी पुठ्ठा वापरला होता, दोन दिवसांत लिबलिबीत झाला. यंदा कपाट आवरताना थोरलीच्या तान्हेपणच्या दोन प्लॅस्टिकच्या बांगड्या सापडल्या. मनगटाला लावून बघितल्या, बोटांवरच अडकल्या. तिनेच विचारलं, "याचे दरवाजे करायचे?" दोन बांगड्या, चार अर्धुकं, चार दरवाजे. कापताना माझा हात थांबला होता. आता गणेश दरवाज्याची कमान बघितली की मला ती पाळण्यात दिसते.

१४ ऑक्टोबर

हिरवळ. सपाटीवर मोहरी, उतारावर हळीव. हळीव भिजवले की बुळबुळीत होतात आणि उभ्या कड्यालाही चिकटून राहतात, मोहरी मात्र पाणी मारलं की घरंगळत पायथ्याशी जमते आणि गडापेक्षा खालीच रान माजतं. हळीव तासभर भिजवून पातळ गाऱ्यात कालवले आणि मुलांनी तळव्यांनी थापले. वर दोन दिवस ओलं फडकं. पाणी तांब्याने नाही, फवाऱ्याच्या बाटलीने. फवाऱ्यावरून भांडणं झाली. सकाळ धाकट्याची, संध्याकाळ थोरलीची, असा तह झाला.

१६ ऑक्टोबर

पहाटे पाऊस. प्लॅस्टिक टाकलं होतं, वाऱ्याने एक कोपरा उडाला आणि महादरवाज्यावरचा बुरूज बसला. मला वाटलं मुलं रडतील. थोरली शाळेचा गणवेश घालून उभी होती, म्हणाली, "आई, परत घेऊ. १६७०." ती शाळेतून येईपर्यंत मी बुरुजाला हात लावला नाही. दोघांनी मिळून परत बांधला, यंदा आत अर्धी वीट घालून. आधीच्यापेक्षा बुटका झालाय, पण घट्ट आहे.

१७ ऑक्टोबर, वसुबारस

हळीव फुटले! फडकं उचललं तेव्हा कड्यांवर पोपटी लव दिसली. धाकटा गाल लावून बघत होता. संध्याकाळी कसब्यातल्या कुंभारवाड्यात गेलो. महाराज मागच्या वर्षीचेच, त्यांना फक्त पुसून घेतलं. ते दर वर्षी तेच राहणार, असं मुलांनी ठरवलंय. नवीन घेतले दोन तोफा, एक गवळण, एक वाघ. धाकट्याने पहिल्यांदा स्वतः पैसे दिले आणि सुट्टे परत घेतले. काकूंनी त्याला एक छोटी पणती वर दिली.

पवना धरण करायचं की नाही यावर मोठी चर्चा झाली. गडावरून ते निळंशार दिसतं, धाकट्याला हवंच होतं. थोरलीचं म्हणणं, महाराजांच्या काळी धरण नव्हतं. तिचं बरोबर आहे, धरण विसाव्या शतकातलं. शेवटी मी दोघांना विचारलं की आपण कुठला लोहगड करतोय, तेव्हाचा की आपण बघितलेला? बराच वेळ विचार करून थोरली म्हणाली, "बघितलेला." म्हणून पायथ्याशी निळं ताट आहे आणि त्याच्या काठावर चार माणसं. ती आम्ही.

२० ऑक्टोबर, नरकचतुर्दशी

पहाटे पाचला उटणं, तेल, मोती साबण. धाकट्याने यंदा पहिल्यांदा स्वतःच्या डाव्या अंगठ्याने कारीट फोडलं. मागच्या वर्षी घाबरून आजीच्या मागे लपला होता. ओल्या केसांनीच सगळे खाली. चार दरवाज्यांत चार पणत्या थोरलीने लावल्या, तिच्या हातात काडी देण्याची ही पहिली वेळ. माझा हात तिच्या हाताखाली होता, लागला नाही. कुंभारवाड्यातली छोटी पणती विंचूकाट्याच्या टोकाला. प्रत्यक्षात आम्ही जिथे गेलो नव्हतो, तिथे.

दुपारी सोसायटीतलं मांजर काट्यावरच्या हळिवांत झोपलेलं सापडलं. उठवलं नाही. संध्याकाळपर्यंत गवत परत उभं राहिलं.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

थोरलीने धाकट्याला किल्ल्यासमोर पाट मांडून ओवाळलं. ओवाळणी म्हणून त्याने तिला वाघ दिला. तो वाघ त्याने सहा दिवस कुणाच्या हाती लागू दिला नव्हता.

२ नोव्हेंबर

तुळशीच्या लग्नानंतर किल्ला उतरवला. हळीव पिवळे पडले होते, लाल मातीला मात्र भेग एकच, गणेश दरवाज्याच्या उजवीकडे. काथ्याने काम केलं. कोठी फोडली, दात जागेवर होता. तो आता आजींच्या म्हणण्याप्रमाणे तुळशीत. बांगड्यांचे तुकडे धुऊन मावळ्यांच्या डब्यात ठेवले.

माती तीन गोण्यांत भरली. थोरलीने जाड पेनाने गोणीवर लिहिलं, "खांदेरी". तिला पुढच्या वर्षी समुद्र हवाय. तेव्हा ज्यांनी जलदुर्ग केलेत त्यांनी सांगा: पाणी आठ-दहा दिवस टिकवायचं तर खाली ताडपत्री घालून काठ मातीचे करावेत, की सरळ मोठं पिंप आडवं कापून घ्यावं? आणि पाण्याला लागून असलेला तट लिंपताना तुम्ही मातीत काय मिसळता?