परभणीचं सोयाबीन आणि अखुनी

एम.ए.च्या पहिल्या वर्षी आम्ही तिघींनी खडकीत दोन खोल्यांची जागा घेतली. मी दापोली तालुक्यातली. दुसरी परभणीकडची, घरात वारी, गळ्यात तुळशीची माळ. तिसरी नागालँडच्या झुन्हेबोटो जिल्ह्यातली.

नागालँड मला पाठ होतं. एमपीएससीच्या वह्यांत सगळं होतं: राज्याची स्थापना १ डिसेंबर १९६३, राजधानी कोहिमा, डिसेंबरात हॉर्नबिल महोत्सव. पहिल्याच संध्याकाळी मी तिला हे ऐकवलं आणि विचारलं, "मग तू घरी नागा भाषा बोलतेस ना?" ती शांतपणे म्हणाली की नागा नावाची एक भाषाच नाही. ती सुमी जमातीची, घरी सुमी भाषा. आओ, अंगामी, लोथा यांच्या भाषा वेगळ्या, त्या तिला कळत नाहीत. बाजारात एकमेकांशी बोलायला नागामीज, असमियातून घडलेली. "भात खाईसे?" म्हणजे जेवलीस का, हे मात्र मला न शिकवता समजलं.

दुसऱ्या आठवड्यात तिने घरून आणलेलं पानात बांधलेलं पुडकं उघडलं. वास खोलीभर पसरला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "शी, काय सडलंय?" तिने पुडकं बंद केलं. एक शब्द बोलली नाही. त्यानंतर जवळजवळ पंधरा दिवस ती रात्री तिच्या गाववाल्या मैत्रिणींकडे जेवून यायची आणि मी समजत होते की अभ्यास वाढलाय.

मग माझ्या आईने एसटीने पार्सल पाठवलं. सोडे, सुकट, बोंबील. मी गॅसवर सुकट भाजायला घेतली आणि खिडकी लावायला धावले, कारण माझ्या भावाला पुण्यात खोली देताना घरमालकाने सुकं मासं आणणार नाही असं लिहून घेतलं होतं. तो अपमान आमच्या घरात अजून निघतो. ती स्वयंपाकघरात आली, वास घेतला आणि म्हणाली, "सुकी मासळी? आमच्याकडेही असते." माझ्या ताटातली दोन बोटं चटणी उचलून तिने भाताला लावली. भावाच्या घरमालकाचं तोंड मला त्या क्षणी आरशात दिसल्यासारखं झालं. मी तिची माफी मागितली, आणि पुडकं बाहेर काढायला सांगितलं.

ती अखुनी होती. इंग्रजीत एक्स घालून लिहितात, पण म्हणायचं अखुनी. सोयाबीन मऊ शिजवायचं, पानात गुंडाळून चुलीजवळच्या उबेला काही दिवस ठेवायचं, आंबलं की ठेचायचं. धुरावलेल्या डुकराच्या मटणात घालतात, नुसती मिरची-टोमॅटोची चटणीही करतात.

त्यानंतर माझी दुसरी चूक झाली, आणि ती मला पहिलीपेक्षा मोठी वाटते. आता मी तिच्या बाजूने उभी राहिले होते ना! परभणीच्या मैत्रिणीने "मटणाचा तवा वेगळा ठेवा" म्हटल्यावर मी तिला सुनावलं, पुण्यात राहायचं तर मन मोठं कर. ती रडली. माळ तिच्या आजीने पंढरपुरात घातलेली. तिचा जीव त्या तव्यापाशी होता आणि मी तिला मागासलेली ठरवून मोकळी झाले. तिच्या जिल्ह्यात मी कधी गेलेही नव्हते, पण ती मराठी म्हणून ती मला कळते, असं धरून चालले होते. तोडगा नागालँडवालीनेच काढला. तिने सरळ विचारलं, "तुला नेमकं काय चालत नाही?" मटण नको, एकादशीला कांदा-लसूण नको, एवढंच. वेगळा तवा अडीचशे रुपयांत आला.

त्या सत्रात आम्हाला अर्ली आणि आंग या अभ्यासकांनी २००३ साली मांडलेली सांस्कृतिक बुद्धिमत्तेची, म्हणजे वेगळ्या संस्कृतीतल्या माणसांशी जुळवून घेण्याच्या क्षमतेची, कल्पना शिकायला होती. माहिती, इच्छा, स्वतःच्या विचारांवर नजर आणि वागणं, असे तिचे चार भाग. माझ्याकडे माहिती भरपूर होती. नजर अजिबात नव्हती. तेव्हापासून कुणाबद्दल मनात पहिलं वाक्य आलं की मी ते बोलत नाही, आधी काहीतरी लहानसं विचारते. अजूनही दर वेळी जमत नाही.

नागालँडवालीची आई रोज रात्री नऊला फोन करायची, दार लावलंस का विचारायची. मला ते अती वाटायचं. पण या वेळी मी विचारलं. ऑगस्ट २०१२ मध्ये ईशान्येकडच्या लोकांवर हल्ले होणार अशा अफवा मोबाईलवर फिरल्या आणि बंगळूर, पुण्यातून हजारो माणसं गाड्या भरभरून निघून गेली. सरकारने एकगठ्ठा एसएमएसवर पाचाची मर्यादा घातली होती. तिची मोठी बहीण तेव्हा पुण्यात शिकत होती. ती गुवाहाटीच्या गाडीत बसली ती शिकायला परत आलीच नाही. त्या वर्षी मी दहावीत होते, दापोलीला. मला यातलं काहीच आठवत नाही.

दिवाळीला आम्ही दोघी लांब सुट्टीवर गेलो, ती थांबली. नाताळाला एक दिवस सुट्टी, पुढे परीक्षा. झुन्हेबोटोला जाऊन यायला तो एक दिवस काय पुरणार? आमच्या कॅलेंडरात तिचं घर बसतच नव्हतं. चोवीस डिसेंबरला आम्ही दोघी तिच्याबरोबर चर्चमध्ये गेलो, माळकरीणही.

एप्रिलात परभणीची मैत्रीण गावाहून परतली ती पाच किलो सोयाबीन घेऊन. त्यांच्या शेतातलं. "आम्ही पोत्यांनी विकतो, खात नाही कधी. कर ना तुझी अखुनी, ही तर शाकाहारीच आहे." खडकी बाजारातून केळीची पानं आणली. चूल नव्हती, पण गॅलरीतलं ऊन पुरेसं होतं. चौथ्या दिवशी पुडकं सोडलं. दाण्यांना चिकट तार सुटत होती. नऊला फोन आला, तिने कॅमेरा पुड्यावर धरला. तिची आई बराच वेळ बघत राहिली आणि सुमीत काहीतरी म्हणाली.

"अजून एक दिवस," तिने आम्हाला सांगितलं.

परभणीच्या मैत्रिणीने पान पुन्हा गुंडाळलं आणि दोरा घट्ट बांधला.