बोव्हिंग्डनवरची उतरंड

मुंबईहून लंडनला येणाऱ्या आमच्याकडच्या पाहुण्यांची एक तक्रार ठरलेली असते: पोचलो वेळेत, पण उतरवेनात. समोरच्या स्क्रीनवरचं इवलंसं विमान शहराच्या कडेला लांबट वाटोळं काढत बसतं. गेल्या खेपेला सासूबाई आल्या त्या हेच विचारत, "अहो, चाकं उघडत नव्हती का? कोणी काही सांगेचना." चाकं ठणठणीत होती. विमान रांगेत होतं, इतकंच.

आम्ही राहतो हेमेल हेम्पस्टेडला, लंडनच्या वायव्येला. शेजारीच बोव्हिंग्डन गाव. तिथला युद्धकाळातला विमानतळ बंद होऊन जमाना झाला, पण वैमानिकांच्या नकाशावर या गावाचा मान कायम आहे, कारण लंडनच्या हीथ्रो विमानतळाच्या चार होल्डपैकी, म्हणजे उतरायची पाळी येईपर्यंत विमानांनी घिरट्या घालत थांबायच्या ठरलेल्या जागांपैकी, एक त्याच्या नावाचा. बाकीचे तीन म्हणजे ईशान्येचा लॅम्बर्न, आग्नेयेचा बिगिन आणि नैर्ऋत्येचा ऑकम. मुंबईची विमानं पूर्वेकडून येतात, त्यामुळे त्यांच्या वाट्याला बहुधा लॅम्बर्न. आकाश स्वच्छ असलं की आमच्या अंगणातून मात्र बोव्हिंग्डनची फेरी दिसते: एक विमान वळतंय, त्याच्या वर दुसरं, त्याच्याही वर तिसरं.

सगळ्यात खालचं साधारण सात-आठ हजार फुटांवर आणि त्याच्या वर दर हजार फुटांवर एकेक. नवीन आलेलं विमान सगळ्यात वर बसतं. मडक्यांच्या उतरंडीतून आपण वरचं मडकं आधी काढतो, इथे खालचं आधी निघतं आणि बाकीची सगळी एकेक पायरी खाली येतात. हीथ्रोला धावपट्ट्या दोनच, त्यातलीही एरवी एकच उतरण्यासाठी, आणि वर्षाला ४,८०,००० उड्डाणांची मर्यादा जवळजवळ भरलेली. उतरण्याची एकही जागा रिकामी जाऊ नये म्हणून थोडी विमानं मुद्दामच हाताशी ठेवली जातात. त्यात समोरून जोराचा वारा सुटला की जमिनीच्या हिशेबात विमानांचा वेग घटतो, दोघांमधलं तेवढंच अंतर कापायला जास्त वेळ लागतो आणि रांग लांबते. यावर उपाय म्हणून हीथ्रोने २०१५ पासून अशा दिवशी दोन विमानांतली फट मैलांऐवजी सेकंदांत मोजायला सुरुवात केली.

हे सगळं मला कळायला लागलं ते इथे हौसेने इन्स्ट्रुमेंट रेटिंगचं शिक्षण घ्यायला लागल्यावर. म्हणजे बाहेर काहीही न बघता, फक्त डायल वाचून विमान उडवायचं. कागदावर होल्ड अगदीच साधा दिसतो. एका ठरलेल्या बिंदूवरून जायचं, उजवीकडे अर्धं वर्तुळ वळायचं, एक मिनिट सरळ जायचं, पुन्हा अर्धं वर्तुळ, मग एक मिनिट बिंदूकडे परत. सेकंदाला तीन अंश या गतीने अर्ध्या वर्तुळालाही एकच मिनिट लागतं, म्हणजे फेरी चार मिनिटांची. चौदा हजार फुटांच्या वर सरळ बाजू दीड मिनिटाची. काही होल्ड डावीकडे वळतात, तसं नकाशावर दिलेलं असतं.

खरी गंमत वाऱ्याची. आमचं शिकाऊ विमान ९० नॉटने, म्हणजे ताशी ९० सागरी मैलांनी जातं. समजा १५ नॉटचा वारा बाजूने आहे. बिंदूकडे येताना वाटेवर राहायला नाक साधारण १० अंश वाऱ्याकडे ठेवावं लागतं. इथवर ठीक. पण दोन्ही वळणांत, म्हणजे पुरी दोन मिनिटं, वारा विमानाला ढकलत असतो आणि तेव्हा त्याला उत्तर देता येत नाही. ती दोन मिनिटं आणि जातानाचं एक, अशा तिन्ही मिनिटांची उधारी जातानाच्याच बाजूवर फेडायची. म्हणून तिथे नाक तिप्पट, ३० अंश वळवायचं. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला ती नुसती पाठ करायची युक्ती वाटली होती. कागदावर मिनिटं मांडली तेव्हा पटलं. वारा पाठीमागून असेल तर जितके नॉट तितके सेकंद जातानाच्या मिनिटातून कमी, समोरून असेल तर तितके जास्त. आणि घड्याळ सुरू करायचं ते बिंदू बरोबर बाजूला आल्यावर किंवा पंख सपाट झाल्यावर, जे नंतर होईल तेव्हा. हे सगळं चालू असताना जमिनीवरून विमानांची वाहतूक सांभाळणारा कंट्रोलर रेडिओवर काहीतरी विचारतोच.

होल्डमध्ये शिरायच्या तीन रीती आहेत. कोणत्या दिशेने येताय त्यावर सरळ, समांतर की तिरपी ते ठरतं. परीक्षेला यावर फार घाम गाळतात. प्रवासी विमानात संगणकच ती निवडतो आणि वळतोही तोच.

तिथल्या वैमानिकाचं लक्ष असतं इंधनाकडे. २५ जानेवारी १९९० ला बोगोटाहून मेडेयीनमार्गे न्यूयॉर्कला निघालेल्या आव्हियांकाच्या ५२ क्रमांकाच्या विमानाला खराब हवेमुळे वाटेत तीनदा होल्डमध्ये ठेवलं, सगळं मिळून सव्वा तासाच्या वर. वैमानिकांनी प्राधान्य मागितलं, इंधन संपत आल्याचं सांगितलं, पण 'इमर्जन्सी' हा शब्द उच्चारला नाही. उतरण्याचा पहिला प्रयत्न फसला, दुसऱ्याच्या आधीच इंजिनं बंद पडली आणि विमान लाँग आयलंडवर कोसळलं. १५८ पैकी ७३ जण गेले.

आता शब्द ठरलेले आहेत. 'मिनिमम फ्युएल' म्हणजे आणखी उशीर चालणार नाही. 'मेडे फ्युएल' म्हणजे उतरताना राखीव साठ्याला हात लागणार. जेट विमानाचा हा राखीव साठा १,५०० फुटांवर अर्धा तास घिरट्या घालण्यापुरता असतो. उशीर कमी व्हावा म्हणून २०१४ पासून हीथ्रोकडे येणारी विमानं साडेतीनशे सागरी मैलांवरूनच थोडी हळू केली जातात, म्हणजे थांबण्याचा काही भाग वरच, कमी इंधनात उरकतो.

होल्डमधून कधी सुटका होईल याची अंदाजे वेळ कंट्रोलर वैमानिकाला देतो. ती वेळ आणि टाकीतलं इंधन यांचा मेळ बसला नाही तर कॅप्टन दुसरा विमानतळ गाठतो. तुमच्या विमानात कधी "आपण स्टॅनस्टेडला उतरतोय" अशी घोषणा झाली, तर त्याने हीच वजाबाकी केलेली असू शकते. पुढे हीथ्रोपर्यंतची बस किंवा पुन्हा उड्डाण यात तीन-चार तास जातील, तेव्हा न्यायला येणाऱ्याला तेवढं कळवून टाका.