आकाशगंगा डोळ्यांना खरंच अशी दिसते का?

मी भंडारदऱ्याला काढलेला आकाशगंगेचा फोटो पाहिला की बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "हे डोळ्यांना खरंच असं दिसतं, की कॉम्प्युटरवर केलंय?" परवा तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

डोळ्यांना असं दिसत नाही. तरीही फोटो खरा आहे.

जागा जलाशयाच्या उत्तर काठावरची. एप्रिल, अमावास्येच्या आसपासची पहाट, चारचा सुमार. समोर पाणी, पलीकडे रतनगडाच्या बाजूची डोंगररांग. टॉर्च बंद करून नुसतं बसून राहिल्यावर दक्षिणेला हळूहळू आकाशगंगा उमटायला लागली. अंधाराला डोळे सरावायला वीस-तीस मिनिटं सहज लागतात, आणि मधेच कुणी मोबाइल उघडला की पुन्हा पहिल्यापासून. वृश्चिकाची नांगी लगेच ओळखू आली, त्याच राशीतल्या ज्येष्ठा ताऱ्याचा तांबूसपणाही. आकाशगंगा मात्र राखाडी, धुरकट, मध्येच फाटल्यासारखी. रंगाचा लवलेश नाही. तरी मी कितीतरी वेळ कॅमेऱ्याला हातच लावला नाही.

मग लावला. कॅमेऱ्याबरोबर मिळते तीच १८-५५ मिलिमीटरची लेन्स, १८वर, म्हणजे जास्तीत जास्त आकाश मावेल अशी ठेवलेली. अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत घेणारं भोक) ३.५, आयएसओ (उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील ते) ३२००, शटर १८ सेकंद उघडं. अंधारात ऑटोफोकस चाचपडत राहतो, म्हणून तो बंद. स्क्रीनवर ज्येष्ठा मोठी करून घ्यायची आणि फोकसची रिंग केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवत राहायची. तारा आधी फुगलेला गोळा असतो, मग आवळत जातो, एका जागी टाचणीच्या टोकाएवढा होतो आणि रिंग जराशी पुढे गेली की परत फुगतो. त्या टोकावर थांबायचं आणि रिंगवर चिकटपट्टी लावून टाकायची. नवख्या माणसाने सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा असं माझं ठाम मत आहे. महागडी लेन्स नंतर बघता येईल.

शटर उघडं असताना काहीच करायचं नसतं. १८ सेकंदांनी स्क्रीनवर जे आलं त्यात तो राखाडी पट्टा पिवळसर झाला होता, त्याच्यात धुळीच्या काळ्या फांद्या फुटल्या होत्या आणि धनू राशीच्या बाजूला एक गुलाबीसर ठिपका होता. तो लगून तेजोमेघ, म्हणजे वायू आणि धुळीचा ढग; गुलाबी रंग तिथल्या तापलेल्या हायड्रोजनचा. यातलं मी काहीही घातलेलं नव्हतं. मंद उजेडात आपल्या डोळ्यांतल्या रंग ओळखणाऱ्या पेशी जवळजवळ काम करत नाहीत, आणि डोळा प्रकाश साठवूनही ठेवत नाही. कॅमेरा म्हणजे पागोळीखाली ठेवलेला हंडा, थेंब थेंब साठवत बसतो. मात्र पृथ्वी फिरत असते, त्यामुळे फार वेळ साठवलं की तारे ठिपक्यांऐवजी रेघा होतात. किती सेकंद चालतील ते काढायला ५०० ला लेन्सच्या फोकल लेंग्थने (माझ्या लेन्सवरचा तो १८चा आकडा) भागायचं, आणि छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यात त्या लेंग्थला आधी दीडने गुणायचं. माझे १८ सेकंद त्या हिशेबातून आलेले.

कॉम्प्युटरवर मी काय करते? रंगांचा तोल, थोडा कॉन्ट्रास्ट, अंधारातल्या फोटोत येणारे रवाळ दाणे कमी करणं. कुणी संधिप्रकाशात जमिनीचा फोटो घेतात, ट्रायपॉड न हलवता त्याच जागेवरून रात्री आकाशाचा, आणि दोन्ही जोडतात. तसं सांगितलं तर मला त्यात काही वावगं वाटत नाही. दुसरीकडची आकाशगंगा उचलून आपल्या गडामागे चिकटवणं हे मात्र मला मनापासून खटकतं, कारण ज्याने तो गड रात्री पाहिलेला नाही त्याला ते खरं वाटतं.

ही लबाडी ओळखायची एक खूण सांगते. आकाशगंगेचा तो दाट, तेजस्वी गाभा धनू राशीत आहे. आपल्याकडून तो आग्नेयेला उगवतो, दक्षिणेला साधारण ४१ अंश चढतो आणि नैर्ऋत्येला मावळतो. (लडाखमधल्या हानलेचं आकाश कितीतरी काळं, पण तिथून तोच गाभा २८ अंशांच्या आसपासच चढतो, या बाबतीत आपण नशीबवान.) उत्तरेला तो कधीही जात नाही. फोटोतला गड कॅमेऱ्याच्या उत्तरेला आणि त्याच्यावर झळाळता गाभा असेल, तर तो चिकटवलेलाच. महिनाही बघा: पावसाळ्याचे चार महिने बहुतेक ढगांत जातात, उरतात मार्च ते मेच्या पहाटा आणि ऑक्टोबरातल्या संध्याकाळी.

तुमच्या गावाचा डोंगर उत्तरेला आहे म्हणालात, तर तिथे आकाशगंगेच्या मागे लागू नका. आपल्याकडे ध्रुव जेमतेम १९-२० अंशांवर असतो, म्हणजे हात लांब केला तर क्षितिजापासून दोन मुठी. डोंगर आणि ध्रुव एका चौकटीत आरामात मावतात. ट्रायपॉड पक्का रोवा, तासभर एकामागून एक फोटो घेत राहा आणि सगळे कॉम्प्युटरवर एकावर एक रचा. ध्रुवाभोवती ताऱ्यांच्या कमानी दिसतील. डोळ्यांना त्याही दिसत नाहीत, पण तारे त्या तासात तसेच फिरलेले असतात.