निळी प्रत हातात येईपर्यंत

गोव्यात कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत आमचं प्लेटिंगचं, म्हणजे धातूवर मुलामा चढवायचं, छोटं युनिट आहे. सांडपाणी शुद्ध केलं की फिल्टर प्रेसमध्ये, म्हणजे गाळातलं पाणी दाबून काढणाऱ्या यंत्रात, क्रोमियमचा हिरवट गाळ उरतो. घातक कचऱ्याच्या २०१६च्या नियमांप्रमाणे तो एरवी ९० दिवसांच्या वर आवारात ठेवता येत नाही. पिसुर्ल्याचं घातक कचऱ्याच्या विल्हेवाटीचं केंद्र तेव्हा सुरू झालं नव्हतं, त्यामुळे माल परराज्यात जायचा. दोन्ही राज्यांची ना-हरकत, पिंपांवरची लेबलं, गाडी, सगळं सुरळीत झालं. घोडं अडलं मॅनिफेस्टपाशी, म्हणजे मालासोबत जाणाऱ्या फॉर्म १०पाशी.

त्याच्या सात रंगांच्या सात प्रती असतात. पांढरी आपण प्रदूषण मंडळाला द्यायची, पिवळी आपल्या फाइलला, बाकीच्या पाच ड्रायव्हरकडे. माल पोचला की पलीकडचं केंद्र सही-शिक्का करून निळी आपल्याला परत पाठवतं. ती आली म्हणजे गाळ ठिकाणी पोचला.

माझी निळी येईना. फोन केला की "वजन जुळत नाही". आम्ही निव्वळ गाळाचं वजन लिहिलं होतं, त्यांच्या काट्यावर पिंपांसकट भरलं होतं. एक रिकामं पिंप काट्यावर ठेवलं असतं तर तिथल्या तिथे उलगडा झाला असता! पण नाही. आधी ईमेल मागितला. मग लेटरहेडवर पत्र. मग त्यावर शिक्का हवा. मग स्कॅन चालत नाही, मूळ प्रत कुरिअर करा. कुरिअर पोचलं तर सही करणारे साहेब रजेवर. आजही आठवलं की डोकं तापतं. इकडे मला झोप नाही. पिंपांवर नाव आमचं, आणि ती रस्त्यात कुठे ओढ्याकाठी रिकामी झाली नसतील कशावरून? कुंकळ्ळीत उघड्यावर पडलेल्या घातक कचऱ्यासाठी लोकांना किती वर्षं भांडावं लागलं, ते गोव्यात कुणाला सांगायला नको.

शेवटी काम केलं वाहतूकदाराने. त्याची नारिंगी प्रतही तिथेच अडकली होती, आणि त्याशिवाय त्याचं बिल काढायचं नाही असं आमचं आधीच ठरलं होतं. पुढच्या फेरीला त्याचा ड्रायव्हर गेटवर ठाण मांडून बसला. रिकामं पिंप काट्यावर चढवायला लावलं आणि दोन्ही प्रती सही करून घेऊनच निघाला. निळा कागद हातात आला तेव्हा खरंच हायसं वाटलं.

तेव्हा वाहतूकदाराशी बिलाची अट आधीच घाला. भरलेल्या गाडीची काटापावती आणि पिंपांचे फोटो ठेवा. हे सगळ्यात आधी सांगायला हवं होतं: फॉर्मवर विशेष सूचनांचा रकाना असतो, त्यात रिकाम्या पिंपाचं वजन आणि पिंपांची संख्या लिहा. तेव्हापासून मी ते चुकवत नाही, आणि वजनावरून पुन्हा कुणी अडवलेलं नाही. ३० जूनपर्यंत फॉर्म ४ मध्ये घातक कचऱ्याचं वार्षिक विवरण जातं, त्यातही गाळाचा निव्वळ आकडाच घाला.