गंधर्व-युगुल: आवाज एक पट्टी खाली आला

'गंधर्व-युगुल' म्हणजे बालगंधर्वांच्या, म्हणजे नारायणराव राजहंसांच्या, जुन्या तबकडीवर ताई आणि मी बसवत असलेला कथक. 'स्वयंवर' नाटकात ते रुक्मिणी व्हायचे. मागच्या वेळी लिहिलं होतं की त्यातल्या यमनच्या पदावरचं बसवून झालंय, शेवटची तिहाई (तीनदा म्हणून समेवर येणारा तुकडा) तेवढी उरलीय. ते विसरा. आठ आठवडे आम्ही चुकीच्या आवाजावर नाचत होतो.

शंका ताईला आली. रविवारी गिरगावात तालीम चालू असताना ती मध्येच थांबली आणि म्हणाली, "अरे, हे श्वास घेतात कुठे? इतक्यात कुणाचा श्वास होतो का?" मग मी हेडफोन लावून नीट ऐकलं. 'आ'कार चिमटल्यासारखा, 'ळ' निसटता, श्वास तुटके.

ही तबकडी चोर बाजारातली. आवाज संगणकावर घेतला तो एका ओळखीच्यांच्या सुटकेस प्लेयरवरून. माझं ठाम मत आहे, जुन्या तबकड्यांना हे प्लेयर लावूच नयेत. एलपीची सुई मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या रुंद खाचेत तळाशी जाऊन खरवडत बसते. इथे साधारण 3 मिलची (इंचाच्या तीन सहस्रांशाची) सुई हवी. आणि वेगाचा तर भरवसाच नाही.

तोच तपासायला घेतला. 50 हर्ट्‌झच्या विजेसाठी 77 रेघांची स्ट्रोब तबकडी कागदावर छापून घेतली. वेग 78 असेल तर रेघा जागच्या जागी उभ्या दिसतात. पण घरातल्या एलईडीखाली नुसता राखाडी पट्टा! शेवटी एक्स्टेन्शन बोर्ड ओढून प्लेयर जिन्यात नेला, तिथे अजून विजेबरोबर लुकलुकणारी चोकवाली ट्यूब आहे. रेघा दिसल्या, आणि सरळ पुढे सरकत होत्या, म्हणजे वेग जास्त. मग लेबलवर चिठ्ठी चिकटवून मिनिटभर फेरे मोजले. साडेब्याऐंशी. म्हणजे जवळजवळ एक पूर्ण पट्टी वर.

ऑडॅसिटीत (आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये) नुसता टेम्पो बदलू नका, पट्टी तिथेच राहते, स्पीड बदला. आमची तीन मिनिटं 3:10 झाली. त्या काळी रेकॉर्डिंगची यंत्रंही नेमकी 78वरच फिरायची असं नाही, त्यामुळे शेवटचा निवाडा कानाचाच. पण 'ळ' जिभेवर नीट टेकला आणि श्वास माणसाचा झाला, तेव्हा आम्ही दोघंही जिन्यातच बसून राहिलो.

कारण आता तो आवाज ऐकताना अंगावर काटा येतो. आधी तो सरळ बाईचा वाटायचा, आणि आम्ही त्यावर समाधानी होतो. आता कळतं की गाणारा पुरुष आहे, तरीही रुक्मिणी जराही हलत नाही. 1916 साली 'स्वयंवर' आलं तेव्हा नारायणराव 28 वर्षांचे होते. शेला, शालू, दागिने यांचं इतकं बोललं जातं, पण बाई की पुरुष या कोड्याचं मूळ गळ्यात आहे. तो साज समोर नसतानाही ते तिथेच आहे, काळ्या तबकडीत.

नाचाचं मात्र सगळं विस्कटलं. मात्रा त्याच, पण पाच चकरांत तोल जातो. वेग कमी झाला की पायाखाली लपायला काही उरत नाही. घुंगट की गत, म्हणजे पदर बाजूला सारण्याची चाल, उलट सुंदर झाली. ताईचा हात चेहऱ्यापासून बाजूला होताना मनगट थोडं जास्त थांबतं आणि बोटं मागून उलगडतात. आवर्तनात जागा मिळाली की काय होतं ते तिथे दिसलं.

मी नारायणराव आणि ताई रुक्मिणी, ही वाटणीही आता पटत नाही. पुढच्या तालमीत भूमिका अदलाबदल करून बघायचं ठरवलं होतं, पण हे लिहिता लिहिताच वाटतंय की अदलाबदल म्हणजे पुन्हा वाटणीच. तबकडीच्या सुरुवातीला सहा-सात सेकंद नुसती खरखर आहे. तेवढा वेळ दोघांनी प्रेक्षकांकडे पाठ करून, एकच शेला दोघांच्या खांद्यावर घेऊन उभं राहायचं. आवाज आला की कोण वळलं, ते कुणाला कळता कामा नये.

शेला साडेपाच मीटरचा तरी लागेल. ताईला आत्ताच फोन करतो.